कमीत कमी विरोधाची वाट : काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०–१८९३)

१/
सप्टेंबर १८८५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला. वयाच्या ११व्या वर्षी लग्न झालेली एक तरुणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार देत होती आणि नवरा कायद्याच्या जोरावर तिला मागत होता. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत ३५ वर्षांचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. पुढे १८९३ मध्ये हेच तेलंग उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले होते, आणि त्या वर्षी त्यांनी आपल्या सुमारे ८ वर्षांच्या मुलीचे लग्न लावून दिले.

२/
या दोन घटना शेजारी ठेवल्या की ‘दांभिक’ हा शब्द लगेच ओठांवर येतो. तो शब्द सोपा आहे, आणि त्याच्यापाशी चौकशी थांबते. तेलंग बोलघेवडे सुधारक नव्हते. राजकारण आणि समाजसुधारणा यांचा क्रम कसा असावा, याविषयी त्यांचा एक विचारपूर्वक बांधलेला सिद्धान्त होता. भारतीय राष्ट्रीय राजकारणाने आपल्या पहिल्या दशकात जी वाट धरली, तिचे समर्थन त्या सिद्धान्तात सापडते. त्या वाटेने काय साधले आणि काय मागे राहिले, हे तेलंगांच्या ४३ वर्षांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. हा धागा त्यासाठी.

३/
तेलंगांचा जन्म १८५० चा, मुंबईतील गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबातला. चुलते त्र्यंबक यांनी त्यांना दत्तक घेतले. म्हणून नावात ‘त्र्यंबक’. शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कूल आणि एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते, म्हणजे तेलंग विद्यापीठापेक्षा जेमतेम ७ वर्षांनी मोठे. त्या विद्यापीठाने घडवलेल्या पहिल्या पिढ्यांपैकी एका पिढीचे ते प्रतिनिधी. घरात संस्कृत, वर्गात इंग्रजी तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र, बोलण्यात मराठी. या तिन्ही भाषांत ते सारख्याच सहजतेने वावरत.

४/
१८७२ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत ॲडव्होकेट झाले. या वाक्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या न्यायालयाची रचना पाहावी लागते. मोफसलातून येणारी अपिले अपील शाखेत चालत आणि तेथे देशी वकिलांची गर्दी असे. मुंबई शहरातील मोठे दिवाणी दावे मात्र मूळ शाखेत चालत, आणि तेथे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्यांचे, मुख्यतः इंग्रजांचे, वर्चस्व होते. इंग्लंडला न जाता तेथे प्रवेश मिळवायचा तर ॲडव्होकेटची कठीण परीक्षा द्यावी लागे. तेलंग त्या दाराने आत गेले.

५/
वकिलीबरोबर विद्वत्ताही चालू होती. रामायण होमरच्या काव्यांवरून रचले गेले, असा तर्क अल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने मांडला होता. १८७३ मध्ये तेलंगांनी त्याचे सविस्तर खंडन छापले, तेव्हा त्यांचे वय २३ होते. १८७५ मध्ये त्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले; १८८२ मध्ये माक्स म्युलर यांच्या प्राच्य धर्मग्रंथांच्या मालेत त्यांचे गद्य भाषांतर आठवा खंड म्हणून निघाले. ‘मुद्राराक्षस’ नाटकाची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती १८८४ ची. हे सारे चालत्या वकिलीतून वेळ काढून केलेले काम आहे.

६/
ही विद्वत्ता केवळ भूषणाची नव्हती; न्यायालयात तिचा रोजचा उपयोग होता. हिंदूंचे वारसा, दत्तक, वाटणी, विवाह यांविषयीचे खटले मिताक्षरा आणि व्यवहारमयूख यांसारख्या ग्रंथांच्या आधारे चालत. पूर्वी न्यायाधीशांना शास्त्रार्थ सांगण्यासाठी न्यायालयात पंडित नेमलेले असत. १८६४ मध्ये ती पद्धत बंद झाली. त्यानंतर इंग्रज न्यायाधीश भाषांतरांवर आणि जुन्या निकालांवर विसंबू लागले. अशा काळात मूळ संस्कृत वचन वाचून त्याचा अर्थ इंग्रजी कायद्याच्या तर्कशैलीत मांडणारा वकील किती मोलाचा ठरला असेल, याची कल्पना करता येते.

७/
सार्वजनिक जीवनातही ते लवकर उतरले. १८७७ मध्ये त्यांनी खुला व्यापार आणि संरक्षक जकात या विषयावर निबंध लिहिला आणि भारताच्या दृष्टीने संरक्षणाची बाजू घेतली. इंग्लंडला सोयीचे अर्थशास्त्र सर्व देशांना सारखे लागू पडत नाही, हे सांगण्याचे धाडस त्यात होते. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाचा वाद पेटला. मोफसलातील युरोपीय आरोपींचे खटले देशी न्यायाधीशांनी चालवावेत की नाही, हा प्रश्न होता. एप्रिलमध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये विधेयकाच्या समर्थनार्थ सभा भरली. तेलंग, फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी तिघेही तेथे बोलले.

८/
३१ जानेवारी १८८५ रोजी याच तिघांनी ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन’ उभी केली. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान, तिघेही वकील. त्याच वर्षाच्या २८ डिसेंबरला मुंबईतील गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन भरले. प्रतिनिधी होते ७२. तिसरा ठराव तेलंगांनी मांडला : कायदेमंडळांचा विस्तार करावा, त्यांत लोकनियुक्त सभासद पुरेशा प्रमाणात असावेत, त्यांना प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकार असावा. काँग्रेसची पुढच्या कित्येक वर्षांची मुख्य मागणी हीच राहिली.

९/
ही मागणी करणारा माणूस कायदेमंडळ आतून पाहत होता. १८८४ पासून १८८९ पर्यंत तेलंग मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासद होते. ‘सभासद’ म्हणजे निवडून आलेले नव्हेत, गव्हर्नराने नेमलेले. १८६१ च्या कायद्याने या कौन्सिलांचे हात बांधून ठेवले होते. समोर असलेल्या विधेयकावर बोलता येई, त्यापलीकडे काही नाही. सरकारला प्रश्न विचारता येत नसे. खर्चाचा हिशेब मागता येत नसे. बहुमत सरकारच्या हाती असे. देशी सभासदाकडे शस्त्र एकच : युक्तिवाद.

१०/
अशा कौन्सिलाची सत्ता किती दूर पोहोचत होती? आजच्या महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरचे अगदी शेवटचे गाव झाई. तेव्हा तो सारा टापू ठाणे जिल्ह्यात होता. डहाणू-उंबरगावच्या या पट्ट्यात ताडी काढणे हे अनेकांचे जुने उपजीविकेचे साधन. १८७८ मध्ये मुंबई कौन्सिलाने अबकारी कायदा केला आणि ताडीच्या झाडांवरील सरकारी कराचा व परवान्याचा फास आवळत गेला. ज्याच्या झाडाविषयी कायदा होत होता, त्याचे मत त्या सभागृहात पोहोचवणारे कोणीही नव्हते. लोकनियुक्त सभासदांची मागणी शहरी वकिलांची हौस वाटते खरी; झाईच्या ताडाखाली उभे राहून पाहिले की तिचे वजन कळते.

११/
युक्तिवादाच्या बळावर काही गोष्टी साधल्याही. मुंबई शहराच्या महापालिकेचा कायदा १८८८ मध्ये कौन्सिलात आला, तेव्हा तेलंग आणि फिरोजशहा मेहता दोघेही सभासद होते. नगरसंस्थेचे अधिकार सरकारी आयुक्ताच्या हाती एकवटू नयेत यासाठी दोघांनी कलमागून कलम लढवले. तो कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, मुंबईच्या महापालिकेचा आधार म्हणून आजही उभा आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस अलाहाबादच्या काँग्रेस अधिवेशनात कौन्सिल-सुधारणेवर तेलंगांनी केलेले भाषण सरकारी टीकाकारांना दिलेले मुद्देसूद उत्तर म्हणून गाजले.

१२/
आता त्या खटल्याकडे. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. आई जयंतीबाईंनी वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. सुतार समाजात त्याला मुभा होती. ११व्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजींशी झाले. त्या माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या, मोठ्या झाल्या आणि नवऱ्याकडे जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःप्रस्थापने’चा दावा लावला. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे छापून आली. ती रखमाबाईंनी लिहिली होती.

१३/
२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचा तर्क असा : हा दावाच मुळी इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आणलेली कलम आहे, हिंदू कायद्यात त्याला मूळ नाही. अजाणत्या वयात लग्न झाले, एकत्र संसार कधी झालाच नाही, आणि आता एका सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करायचे, हे न्यायालय करणार नाही. येथे एक विलक्षण उलटापालट दिसते. शास्त्राच्या नावाने ओरडणारे लोक इंग्रजी उपायाचा आधार घेत होते, आणि इंग्रज न्यायाधीश ‘हे तुमच्या शास्त्रात नाही’ असे सांगत होता.

१४/
हा विजय टिकला नाही. १८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी निकाल फिरवून खटला पुन्हा चालवण्यास पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : एका महिन्यात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. देशभर आणि इंग्लंडातही खळबळ उडाली. अखेर १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली. १८८९ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या.

१५/
खटला सुरू असतानाच बाहेर मोठा वाद पेटलेला होता. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध करून सरकारने हात घालावा असे सुचवले. इंग्रज अधिकारी आणि अँग्लो-इंडियन पत्रे यांना यातून एक सोयीचे उत्तर मिळाले. ‘तुम्ही राजकीय हक्क मागता? आधी घर सुधारा. घरात बायकामुलींना गुलामीत ठेवणाऱ्यांना स्वातंत्र्य कशाला?’ या प्रश्नाला उत्तर देणे नव्या राजकारणाला भाग होते.

१६/
२२ फेब्रुवारी १८८६ रोजी तेलंगांनी ते दिले. स्थळ : स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी, जिने १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या होत्या. विषय : भारतात समाजसुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी व्हायलाच हवी काय? सुधारणा हवी, हे तेलंगांनी नाकारले नाही. त्यांचे म्हणणे क्रमाविषयी होते. इतिहासात प्रगती ठरावीक क्रमाने होत नाही. जेथे विरोध कमीत कमी, तेथून ती पुढे सरकते. १७व्या शतकातील इंग्लंडने राजकीय हक्क मिळवले, तेव्हा तेथील समाज काही निर्दोष नव्हता.

१७/
मग भारतात कमी विरोध कोठे? तेलंगांच्या मते राजकारणात. तेथे समोर सरकार आहे. ते एक आहे, त्याची तत्त्वे जाहीर आहेत, त्याच्याच तत्त्वांनी त्याला पेचात पकडता येते. समाजात मात्र समोर आपलेच लोक असतात : लाखो मने, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालीरीती, आणि त्यांत प्रामाणिक श्रद्धा. तेथे घाई केली तर सुधारकच एकाकी पडतो. म्हणून शक्ती जेथे फळ देईल तेथे आधी लावावी. हा युक्तिवाद कुशल वकिलाचा आहे : कोणत्या न्यायालयात जिंकता येईल हे ओळखून दावा लावणाऱ्याचा.

१८/
या युक्तिवादाची ताकद मान्य करावी लागते. ‘आधी घर सुधारा’ म्हणणाऱ्या इंग्रजांना स्त्रियांच्या दुःखाची फारशी चिंता नव्हती. रखमाबाईंना तुरुंगाची धमकी देणारा आदेश त्यांच्याच न्यायालयाने दिला होता. पण एक फट राहून जाते. ‘कमीत कमी विरोध’ कोणाच्या दृष्टीने मोजायचा? सरकारविरुद्ध बोलणाऱ्या वकिलाला कौन्सिलात जागा मिळते. घरात नकार देणाऱ्या मुलीला काय मिळते? ज्याला थांबता येते, त्याला क्रम ठरवता येतो. ८ वर्षांच्या मुलीचे बालपण राजकारणासाठी थांबत नाही.

१९/
काँग्रेसने मात्र हीच वाट धरली. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्ष दादाभाई नौरोजींनी सांगितले की या सभेने सर्वांच्या समान राजकीय प्रश्नांपुरते राहावे. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना एकत्र ठेवायचे तर दुसरा मार्ग तेव्हा दिसत नव्हता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना ही फारकत पुरती मान्य नव्हती. १८८७ मध्ये मद्रास येथे त्यांनी आणि दिवाण बहादूर रघुनाथराव यांनी सामाजिक परिषद सुरू केली. ती काँग्रेसच्या अधिवेशनालाच जोडून भरू लागली. दोन सभा, एक मंडप : ही त्या काळाची तडजोड होती.

२०/
१८८९ मध्ये न्यायमूर्ती नानाभाई हरिदास यांच्या निधनानंतर तेलंग उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. राजकारण सुटले, कायदा उरला. १८९१ मध्ये पूर्णपीठापुढे ‘अप्पाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी’ हा खटला आला. प्रश्न असा : एकत्र कुटुंबात वडील स्वतः आपल्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र असतील आणि त्यांची संमती नसेल, तर मुलाला वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी मागता येते का? बहुमताने निकाल दिला : नाही. तेलंगांनी एकट्याने वेगळे मत नोंदवले : येते. मिताक्षरेच्या वचनांतून त्यांनी मुलाचा जन्मसिद्ध हक्क उलगडून दाखवला. हिंदू कायद्याच्या अभ्यासात ते भिन्नमत आजही वाचले जाते.

२१/
त्याच वर्षी संमतिवयाचा वाद देशभर गाजला. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली होती. विवाहित असो वा अविवाहित, मुलीचे संमतिवय १० वरून १२ करावे, असे विधेयक आले. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याने धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन दिले आहे, असे विरोधक सांगत. टिळकांचा ‘केसरी’ विरोधात आघाडीवर होता. तेलंगांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्या जाहीरनाम्याने अशा कायद्याला आडकाठी होत नाही, हे त्यांचे मत होते. मार्च १८९१ मध्ये विधेयक संमत झाले.

२२/
१८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. त्याच सुमारास मराठी बखरी आणि जुने कागद चाळून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासावर निबंध लिहिला. मराठ्यांच्या राज्यात धर्म आणि जात यांच्या प्रश्नांत राजसत्ता कशी लक्ष घालत असे, याचे पुरावे त्यात आहेत. रानड्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथाला तो परिशिष्ट म्हणून जोडला. थोडक्यात, राज्याने समाजात हात घालणे हे आपल्या परंपरेला परके नाही, हे इतिहासकार तेलंगांना चांगलेच ठाऊक होते.

२३/
आणि मग १८९३. मुलीचे लग्न. कायद्याने यात काहीही गैर नव्हते, हे लक्षात घ्यावे. १८९१ च्या कायद्याने शरीरसंबंधाचे वय ठरवले होते. लग्नाचे वय नव्हे. बालविवाहाला प्रतिबंध करणारा शारदा कायदा १९२९ चा, म्हणजे आणखी ३६ वर्षांनंतरचा. न्यायमूर्ती तेलंगांनी कोणताही कायदा मोडला नाही. ज्या मताच्या बाजूने त्यांनी न्यायालयात, सभेत आणि टिपणांत इतकी वर्षे बळ लावले होते, त्या मताला मात्र त्यांनी आपल्या उंबऱ्यावर थांबवले. सुधारक मित्र दुखावले, विरोधकांना आयते उदाहरण मिळाले.

२४/
या दुबळेपणात ते एकटे नव्हते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे यांनी १८७३ मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून, ११ वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. त्या पुढे रमाबाई रानडे म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्या काळी जातीबाहेर टाकणे म्हणजे पंगत बंद, भटजी बंद, उरलेल्या मुलांच्या सोयरिकी बंद. एकत्र कुटुंबात घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा असे. हे सारे खरे आहे, आणि तरी त्याची किंमत चुकवणारी व्यक्ती वेगळीच होती. अशा निर्णयांत मुलीला विचारण्याची रीतच नव्हती.

२५/
तेलंगांची प्रकृती आधीपासून ढासळत होती. १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी न्यायमूर्ती म्हणून रानडे आले. पुढच्या वर्षी, १८९४ मध्ये, लंडनमध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या. भारतात परतून त्यांनी सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ काम केले. ज्या स्त्रीचा खटला न्यायालयात अखेर हरला, ती स्वतःचे आयुष्य जिंकली. तिने सर्वांत जास्त विरोधाची वाट निवडली होती, आणि तीसुद्धा घरातून सुरू केली होती.

२६/
‘दोन सभा, एक मंडप’ ही तडजोडही फार टिकली नाही. १८९५ मध्ये पुण्याला काँग्रेस भरली, तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यास कडवा विरोध झाला आणि परिषदेला दुसरीकडे जावे लागले. चार दशकांनी, १९३६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात नेमका हाच इतिहास उकरून काढला. सामाजिक सुधारणा मागे ठेवणाऱ्या राजकारणाला त्यांनी थेट जाब विचारला. तेही वकील, तेही कायदेमंडळाचे सभासद. मात्र ज्यांना थांबणे परवडत नव्हते, त्यांच्या बाजूने ते बोलत होते.

२७/
तेलंगांचा राजकीय अंदाज मोठ्या प्रमाणात बरोबर ठरला. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलांत प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा आली. पुढे निवडणुका आल्या, अखेर संविधान आले. झाईपासून थेट दक्षिणेपर्यंत प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. समाजाच्या बाबतीत मात्र ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवलेले प्रश्न आपोआप सुटले नाहीत. त्यासाठी १९२९ चा कायदा लागला, १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागला, आणि प्रत्येक वेळी जुनाच वाद नव्याने लढावा लागला.

२८/
त्या १९५५ च्या कायद्याचे कलम ९ पाहण्यासारखे आहे. ‘वैवाहिक हक्कांची पुनःप्रस्थापना’ तेथे आजही आहे. ज्या उपायाला १८८५ मध्ये रखमाबाईंच्या वकिलांनी विरोध केला, तोच. तुरुंगाची शिक्षा गेली, कलम राहिले. रखमाबाई त्याच वर्षी, १९५५ मध्ये, वारल्या.
इतिहासातील माणसांना ‘सुधारक’ आणि ‘सनातनी’ अशा दोन रांगांत उभे करण्याची आपल्याला सवय आहे. तेलंग कोणत्याच रांगेत बसत नाहीत. कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर, हे ठरवताना ‘नंतर’ वाट्याला येणाऱ्याचे मत घेतले का, एवढे त्यांच्या आयुष्यावरून विचारायला शिकता येते.